हुशार मुलगा आणि बेसबॉल: अमेरिकेतल्या कॉलेज भरतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. न्यू जर्सीत एडिसनला वाढला, आता एका डी-३ कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो आणि तिथल्या संघातून खेळतो. त्याचं सगळं मार्गी लागल्यापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मराठी आईबाबांचे मेसेज येत राहिले. प्रश्न बहुतेक तेच ते, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. नियम २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे आहेत. ते बदलत राहतात, त्यामुळे तारखांच्या बाबतीत दरवर्षी एनसीएएची वेबसाइट उघडून खात्री करून घ्या.

१. डी-१, डी-२, डी-३ हे काय आहे? डी-३ म्हणजे कमी दर्जाचं कॉलेज का?

एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संस्था आणि हे तिचे तीन विभाग. खेळावर किती पैसा आणि वेळ घालायचा यावरून ते पडले आहेत, शिक्षणाच्या दर्जावरून नाही. डी-१ आणि डी-२ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येते, डी-३ मध्ये ती अजिबात नसते. डी-१ चा संघ एका मोसमात ५६ पर्यंत सामने खेळतो, डी-३ चा ४०. तेवढ्या प्रमाणात बसचे प्रवास आणि बुडणारे तास कमी होतात.

आता डी-३ मध्ये कोण आहे ते बघा: एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी, सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, टफ्ट्स, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट. डी-१ मध्ये स्टॅनफर्ड, व्हँडरबिल्ट, ड्यूक, राइस आणि आठही आयव्ही कॉलेजं (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे). हुशार खेळाडूची यादी या दोन्ही विभागांत मिसळलेली असते.

मला आवडणारी एक गोष्ट इथेच सांगते. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला झाला, अ‍ॅमहर्स्ट विरुद्ध विल्यम्स. अ‍ॅमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. त्याच भेटीत दोन्ही कॉलेजांचा बुद्धिबळाचा सामनाही झाला आणि तोही अ‍ॅमहर्स्टनेच जिंकला. ही दोन्ही कॉलेजं आज डी-३ मध्ये आहेत.

यादी करण्याआधी कॉलेजला संघ आहे ना, तेवढं बघून घ्या. कार्नेगी मेलन आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी आपल्या घरांत हमखास निघणारी नावं, पण दोन्हीकडे बेसबॉलचा वर्सिटी, म्हणजे कॉलेजचा अधिकृत, संघ नाही.

२. मुलाचे मार्क उत्तम आहेत, खेळ चांगला आहे पण अफाट नाही. मग बेसबॉलचा अ‍ॅडमिशनला खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. निवडक कॉलेजच्या कोचपुढे अडचण अशी असते, की ज्यांचा खेळ त्याला आवडतो त्यातली बरीच मुलं अ‍ॅडमिशन ऑफिसच्या चाळणीतून खाली पडतात. तुमचा मुलगा ती चाळणी सहज पार करणारा असेल, तर कोचच्या लेखी त्याची किंमत वाढते. नुसत्या मार्कांवर अर्ज करणारी हजारो मुलं असतात. कोचने अ‍ॅडमिशन ऑफिसला दिलेल्या यादीत थोडीच.

फक्त हा उपयोग आपोआप होत नाही. ‘बेसबॉल खेळतो’ हे अर्जात लिहिणं ही एक गोष्ट, आणि कोचने ‘हा मुलगा मला हवा आहे’ असं अ‍ॅडमिशन ऑफिसला कळवणं ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्याने अर्जात एक ओळ वाढते, दुसऱ्याने निकाल बदलू शकतो. दुसरी घडते आहे की नाही, हे थेट विचारल्याशिवाय कळत नाही (प्रश्न ८).

३. कितीचा वेग लागतो? आमचा मुलगा ८१ टाकतो.

ठोकताळे सांगते, कारण कोचनुसार हे बदलतं. डी-१ चे कोच उजव्या हाताच्या पिचरकडे साधारण ताशी ८७-८८ मैलांच्या पुढे बघायला लागतात. अभ्यासात वरच्या डी-३ मध्ये ८० ते ८५ टाकणारा, चेंडूवर ताबा असणारा आणि अजून अंग भरायचं बाकी असलेला मुलगा चालतो. डावखुऱ्याला दोन-तीन मैलांची सूट मिळते. कॅचरने चेंडू पकडल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, म्हणजे पॉप टाइम, डी-१ साठी २ सेकंदांच्या आसपास लागतो. आउटफील्डरचं (मैदानाच्या मागच्या भागात उभं राहणाऱ्याचं) ६० यार्ड धावणं ६.८ सेकंदांच्या आसपास असेल तर मोठ्या कॉलेजचे कोच मान वर करतात.

८१ हा आकडा अकरावीच्या सुरुवातीला असेल तर चांगला आहे. बारावीच्या सुरुवातीलाही तोच असेल, तर यादीत डी-३ जास्त ठेवा आणि ताब्याचे व्हिडिओ दाखवा. आकडा फुगवून मात्र कधीही सांगू नका. पहिल्याच कॅम्पला रडार गन समोर असते.

४. क्रिकेट उत्तम खेळणाऱ्या मुलाने नववीत बेसबॉल सुरू केलं तर जमेल का?

क्षेत्ररक्षण आणि फेक सोबत येतात, उंच झेल घ्यायची नजरही येते. बॅटिंग नव्याने शिकावी लागते: बॅट गोल, चेंडू टप्पा न पडता येणारा, आणि सरळ बॅटची सवय इथे आड येते. हात सरळ ठेवून केलेली गोलंदाजी पिचिंगमध्ये उतरत नाही. भारतातून येऊन २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकीतून आले होते, क्रिकेटमधून नव्हे. नववीत सुरुवात म्हणजे उशीर आहे, पण हात खरोखर वेगवान असेल तर पिचर म्हणून वाट सापडू शकते.

५. कोचशी बोलायला कधीपासून चालतं? आम्ही आठवीत ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही.

मुलाने कोचला लिहायला कधीच बंदी नाही. बंदी कोचच्या उत्तरावर असते. डी-१ बेसबॉलचा कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून भरतीबद्दल मुलाशी बोलू शकतो, फोन आणि मेसेज करू शकतो. डी-२ ला हीच तारीख दहावी संपल्यावरची १५ जून. डी-३ च्या कोचला फोन-ईमेलसाठी अशी तारीख नाही, पण कॉलेजच्या खर्चाने होणारी अधिकृत भेट अकरावीतल्या १ जानेवारीनंतरच. तेव्हा आठवीत गप्प बसलेला कोच बहुधा नियम पाळत होता.

मोठ्या डी-१ संघांच्या जागा अकरावीतच भरत जातात. डी-३ चं खरं काम अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात आणि बारावीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चालतं. ‘अजून कुणी विचारलं नाही’ म्हणून अकरावीच्या डिसेंबरात रडणाऱ्या घरांना मी हे दरवर्षी सांगते.

६. ईमेल मी लिहून दिला तर? मुलाला वेळ नसतो.

मुलानेच लिहायचा, मुलाच्याच खात्यातून. हे मी कळकळीने सांगते, कारण आपल्यात मुलाचं सगळं आपण करायची पद्धत आहे, आणि इथे ती थेट त्याच्या विरुद्ध जाते. कोच चार वर्षं ज्याच्याबरोबर बसमध्ये बसणार आहे, त्याला ओळखू पाहत असतो. आईने लिहिलेला ईमेल त्यांना दोन ओळींत कळतो.

ईमेलच्या विषयातच शाळा संपण्याचं वर्ष, खेळायची जागा, हात आणि मार्क येऊ द्यात, म्हणजे उदाहरणार्थ ‘२०२७, डावखुरा पिचर, जीपीए ३.९, एसएटी १५१०’ (जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा). आत चार-पाच वाक्यं पुरतात: त्या कॉलेजातला कोणता विषय का हवा, उन्हाळ्यात कुठे कुठे खेळणार, व्हिडिओची लिंक, मार्कांची प्रत, शाळेच्या आणि क्लबच्या कोचचा नंबर. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, गाण्याशिवाय, सर्वांत चांगले चेंडू अगदी सुरुवातीला. आमच्या लेकाचा पहिला ईमेल दीड पानी होता, त्यात पाचवीतली ट्रॉफीसुद्धा होती. कुणाचंही उत्तर आलं नाही. तोच सहा ओळींत आणल्यावर आठवड्याभरात तीन उत्तरं आली.

फोन आला तर तो स्पीकरवर ठेवून शेजारी बसू नका. पहिल्या फोनच्या वेळी माझा मुलगा दिनदर्शिकेच्या फाटक्या पानामागे पाच प्रश्न लिहून अंगणात गेला आणि पस्तीस मिनिटं गाडीभोवती फेऱ्या मारत बोलला. मी खिडकीतून बघत होते. आत आला तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात ‘आपण’ नव्हतं, ‘मी’ होतं.

७. कॅम्प आणि शोकेस यांचं पीक आलंय. कुठे जायचं, किती खर्च करायचा?

तीन प्रकार ओळखा. एक, कॉलेजचा स्वतःचा कॅम्प: तिथला कोच स्वतः बघतो, पण कॅम्पची फी हे त्या संघाचं उत्पन्नही असतं. दोन, वेग आणि धावेचे आकडे मोजून प्रसिद्ध करणारे शोकेस: एकदा अधिकृत आकडा हवा म्हणून एखाद्याला जा, दर दोन महिन्यांनी जायचं कारण नाही. तीन, अभ्यासात वरच्या कॉलेजांचे कोच एकत्र येतात ते, जसा हेडफर्स्टचा ऑनर रोल कॅम्प. आपल्या मुलांसाठी तिसरा प्रकार सर्वांत फलदायी, कारण दोन दिवसांत यादीतले बरेच कोच एकाच मैदानावर भेटतात, आणि नावनोंदणीतच मार्क विचारलेले असतात.

अशाच एका कॅम्पमधली ऑगस्टची दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तारेच्या कुंपणामागे घडीच्या खुर्च्यांवर ओळीने कोच, मांडीवर कागद, हातात रडार गन. लेकाने पहिले चार चेंडू बाहेर टाकले. पाचवा आत पडला, सहावा आत, सातव्याला एका कोचने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. त्यानेच नंतर सांगितलं, की लिहिलं ते वेगाबद्दल नव्हतं. ‘चार बाहेर गेल्यावर चेहरा बदलला नाही’ असं लिहिलं होतं.

जाण्याआधी त्या कोचला ईमेल गेलेला असावा आणि उत्तर आलेलं असावं. ‘तुम्हाला कॅम्पसाठी खास निमंत्रण’ असा ईमेल हजारो मुलांना जातो. त्यात तुमच्या मुलाच्या खेळाबद्दल एकही वाक्य नसेल तर ती जाहिरात समजा.

८. कोच म्हणाले, ‘तू आम्हाला फार आवडलास.’ पक्कं समजायचं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आमच्याकडे हेच झालं. एका डी-१ कॉलेजच्या कोचने अकरावीनंतरच्या जूनमध्ये लेकाला दोनदा फोन केला, कॅम्पस दाखवला, ‘इथे तू शोभशील’ म्हणाले. आम्ही घरी पेढे आणले. त्यानंतर आलेल्या दोन डी-३ कोचना मुलाने नीट उत्तरंही दिली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या डी-१ कोचचा तीन ओळींचा मेसेज आला: पिचरच्या जागा भरल्या, अर्ज जरूर कर. तोवर त्या दोन डी-३ पैकी एकाची यादीही बंद झाली होती. कोच खोटं बोलले नव्हते. त्यांनी कधी काही देऊ केलंच नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसाला थेट विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. इथे तो वाटत नाही, उलट कोचचं काम सोपं होतं.

मुलाने स्वतः, शब्दांत शब्द न गुंतवता, हे विचारावं: तुमच्या यादीत माझ्या जागेसाठी मी कितवा आहे? या वर्षी माझ्या जागेवर किती मुलं घेणार? माझ्या अर्जाला तुम्ही अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये पूर्ण पाठिंबा देणार का? असा पाठिंबा दिलेल्या, माझ्यासारखे मार्क असलेल्या मुलांपैकी गेल्या काही वर्षांत किती नाकारली गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘एखादंच’ असं येतं, तेव्हा तो पाठिंबा खरा असतो. ‘अ‍ॅडमिशन आमच्या हातात नसतं, पण तू अर्ज कर’ याचा अर्थ मराठीत स्पष्ट आहे: पाठिंबा नाही.

९. प्री-रीड म्हणजे काय? कोचने मार्कशीट मागितली आहे.

चांगली खूण आहे. अकरावी संपल्यावर, साधारण १ जुलैपासून, बरीच निवडक डी-३ कॉलेजं हे करतात: कोच मुलाचे मार्क, परीक्षांचे गुण आणि बारावीच्या विषयांची यादी अ‍ॅडमिशन ऑफिसकडे देतो आणि ते आधीच वाचून कल कळवतात. हिरवा कल म्हणजे ‘हा अर्ज आला आणि कोचचा पाठिंबा असला तर अडचण दिसत नाही’. ते अ‍ॅडमिशनचं पत्र नव्हे. निबंध, शिफारशी आणि बारावीचे मार्क अजून यायचे असतात. आणि प्री-रीड हिरवा आला म्हणजे कोचने तुम्हाला निवडलं असंही नाही. तो दहा मुलांचे प्री-रीड करून सहांना जागा देऊ करेल. पुढचे प्रश्न वरच्या ८ मध्ये आहेतच.

बारावीला अवघड विषय सोडून द्यायचा मोह टाळा. प्री-रीडमध्ये दाखवलेली विषयांची यादी नंतर हलकी केली तर कॉलेज विचारतं.

१०. आयव्हीचं वेगळं काय असतं? लाइकली लेटर कधी येतं?

आयव्हीची आठही कॉलेजं डी-१ मध्ये खेळतात, पण खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. मदत फक्त घरच्या उत्पन्नानुसार. भरती होणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा जीपीए आणि एसएटी-एसीटीवरून अकॅडेमिक इंडेक्स नावाचा आकडा काढतात, आणि खेळाडूंची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ नये हे पाहतात. त्यामुळे ९४ टाकणारा पण मार्कांत काठावरचा एक मुलगा घ्यायचा, तर कोचला सरासरी सांभाळणारी इतर मुलं लागतात. वरचे मार्क असलेल्या मुलाला याचा फायदा होतो. तरी त्याने खेळलंही पाहिजे, कारण डी-१ चा वेग आयव्हीतही लागतोच.

लाइकली लेटर म्हणजे अधिकृत निकालाआधी येणारं, प्रवेश मिळेल असं सांगणारं पत्र. ते १ ऑक्टोबर ते १५ मार्च या काळात येऊ शकतं आणि ते अ‍ॅडमिशन ऑफिसकडून येतं. कोचचा तोंडी शब्द म्हणजे लाइकली लेटर नव्हे.

११. कोच म्हणतात अर्ली डिसिजननेच अर्ज कर. बांधून घ्यावं का?

बहुतेक निवडक डी-३ कॉलेजांत कोचचा पूर्ण पाठिंबा अर्ली डिसिजनवरच मिळतो. मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरची, आणि निवड झाली तर तिथेच जायचं. कोचची बाजू रास्त आहे, त्याला हातातल्या मोजक्या जागा वाया घालवायच्या नसतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डकडे अर्ली डिसिजन नाही, तिथला लवकरचा अर्ज बंधनकारक नसतो. एमआयटीतही अर्ली अ‍ॅक्शनच आहे.

बांधून घेण्याआधी पैशाचं उत्तर हातात हवं. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो दोघांनी बसून खऱ्या आकड्यांनी भरा. नंतर कोचमार्फत आर्थिक मदत ऑफिसकडून आधीच अंदाज मागा. खेळाडूंसाठी बरीच कॉलेजं तो देतात. मिळालेली मदत अपुरी असेल तर अर्ली डिसिजनमधून बाहेर पडता येतं. पण तोवर डिसेंबर उजाडलेला असतो आणि इतर कोचच्या जागा भरलेल्या असतात.

१२. बेसबॉलची पूर्ण स्कॉलरशिप मिळते का?

फार थोड्यांना. २०२४-२५ पर्यंत डी-१ च्या संपूर्ण संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, आणि त्या बऱ्याच मुलांत तुकड्यातुकड्यांनी वाटायच्या. जून २०२५ मध्ये हाऊस खटल्यातली (खेळाडूंनी आपल्या मोबदल्यासाठी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली) तडजोड मंजूर झाली आणि २०२५-२६ पासून ती स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, त्याजागी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू असा नियम आला. म्हणजे मोठ्या संघांत पैसे वाढले आणि जागा घटल्या. स्कॉलरशिपशिवाय संघात राहणाऱ्या मुलांना याची झळ जास्त बसते. आयव्हीने ही तडजोड स्वीकारलेली नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर.

हुशार मुलाच्या घराने मार्कांवरच्या स्कॉलरशिपकडे बघावं. एमरी, रॉचेस्टर, केस वेस्टर्न अशी डी-३ कॉलेजं ती देतात. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट देत नाहीत, तिथे फक्त गरजेनुसार मदत.

१३. बऱ्याच कॉलेजांना एसएटी ऐच्छिक आहे. सोडून दिली तर?

देऊन टाका, आणि दहावीच्या शेवटी किंवा अकरावीच्या पहिल्या सहामाहीत द्या. एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये पात्रतेसाठी या परीक्षा काढून टाकल्या, हे खरं. पण एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये त्या पुन्हा सक्तीच्या केल्या, आणि कोचला प्री-रीडसाठी गुण हातात लागतात. अकरावीच्या उन्हाळ्यात गुण नसलेला मुलगा रांगेत मागे राहतो.

१४. मुलाची नववी पुण्यात झाली, मग आम्ही इथे आलो. एनसीएएला काही अडचण?

डी-१ किंवा डी-२ हवं असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर नोंदणी लागते. नववीपासूनचे १६ मुख्य विषय आणि त्यांत डी-१ साठी २.३, डी-२ साठी २.२ जीपीए, एवढी किमान अट. आपल्या मुलांना मार्कांची अडचण येत नाही, कागदपत्रांची येते. नववीची गुणपत्रिका शाळेकडून मागवा. ती मराठीत असेल तर मूळ प्रत आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही द्यावी लागतात. हे काम दहावीतच उरका, कारण शाळेत जाऊन उभं राहणारं कुणीतरी तिकडे लागतं, आणि मे महिन्यात शाळा बंद असते.

डी-१ साठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. आणि हे मुख्य विषय नववीपासूनच्या चार वर्षांत संपवायचे असतात. ‘एक वर्ष पुन्हा करून अंगाने मोठा होऊ दे’ असं क्लबमधलं कुणी सुचवलं, तर होकार देण्याआधी हा नियम समजून घ्या.

१५. आम्ही एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. मुलाला फरक पडेल का?

खेळायला पडत नाही, पैशाला पडतो. एनसीएए नागरिकत्व बघत नाही. पण एच-४ वरच्या मुलाला सरकारी मदतीचा एफएएफएसए अर्ज लागू होत नाही, आणि बहुतेक खासगी कॉलेजं आर्थिक मदतीसाठी त्याला परदेशी विद्यार्थ्यांत धरतात. अशा अर्जात बऱ्याच ठिकाणी ‘मदत हवी’ म्हटल्याचा निकालावर परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन इथे तो होत नाही. कोचला हे पहिल्या-दुसऱ्या बोलण्यातच सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि ऑक्टोबरात कळलं तर त्याचीही अडचण होते.

एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे बहुतेकांना कॉलेजच्या मधेच एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. एच-४ वर काम करून पैसे मिळवता येत नाहीत, एफ-१ वर त्यावर कडक बंधनं आहेत. त्यामुळे नाव आणि चेहरा वापरू देऊन पैसे घेण्याचे जे करार हल्ली खेळाडू करतात, त्यांना इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. एकाच घरात थोरला एच-४ आणि धाकटा इथला नागरिक असतो, तेव्हा थोरल्याची यादी धाकट्याला तशीच चालवू नका.

१६. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड (मेडिकलची पूर्वतयारी) करून बेसबॉल झेपतं का?

डी-३ मध्ये झेपतं, पण कॉलेजागणिक फरक आहे. अडचण प्रयोगशाळेची असते: दुपारी दोन ते पाच लॅब आणि तीन वाजता सराव. कोचला विचारण्यापेक्षा संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला विचारा, ‘लॅबच्या दिवशी काय करतोस?’ संघात असा मुलगाच नसेल, तर तेच तुमचं उत्तर. लेकाच्या कॉलेजात मंगळवारी लॅब असलेले पिचर सकाळी साडेसहाला वेगळा सराव करतात. हे आम्हाला भेटीच्या रात्री वसतिगृहात कळलं, कोचच्या ऑफिसात नाही.

१७. ज्या कोचने घेतलं तोच सोडून गेला तर?

असं होतं, आणि वारंवार होतं. अ‍ॅडमिशन मिळून गेलं असेल तर ते टिकतं. अर्जाआधी कोच गेला तर पाठिंबाही गेला असं धरा आणि मुलाला त्याच दिवशी नव्या कोचला ईमेल करू द्या. म्हणूनच मी घरोघरी विचारते: तिथे बेसबॉल नसतं तरी तुझं पोरगं तिथे चार वर्षं राहिलं असतं का? कोपर दुखावलेल्या पिचरच्या आईला हा प्रश्न लगेच कळतो.

१८. हे सगळं मुलीच्या सॉफ्टबॉललाही लागू आहे का?

जवळपास सगळं. डी-१ सॉफ्टबॉलमध्ये कोचने बोलायची तारीख अकरावीतली १ सप्टेंबर आहे. प्री-रीड, अर्ली डिसिजन, एच-४, थेट प्रश्न, यांत काही बदल नाही.

१९. कोचच्या पाठिंब्यावर अ‍ॅडमिशन झालं. आता पहिल्या वर्षानंतर मुलगा म्हणतो, खेळायचं नाही. कॉलेज काढून टाकेल का?

डी-३ आणि आयव्हीत नाही. तिथे आर्थिक मदत खेळाशी बांधलेली नसते, त्यामुळे संघ सोडला तरी प्रवेश आणि मदत दोन्ही राहतात. डी-१, डी-२ मध्ये खेळाची स्कॉलरशिप असेल तर ती स्वतःहून सोडल्यावर जाऊ शकते, तेव्हा निर्णयाआधी करार वाचा.

घरात मात्र यावरून फार ताण होतो. दहा वर्षं शनिवार-रविवार मैदानांवर घातलेले असतात, बाबांच्या गाडीच्या डिकीत अजून बॅट असतात. मागच्या डिसेंबरात एका आईचा फोन आला, त्या रडत होत्या. कोचना मी काय सांगू, असं विचारत होत्या. मी म्हटलं, तुम्ही काहीच सांगू नका, त्याला ऑफिसात जाऊन समोर बसून सांगू दे. तो गेला. कोचने अर्धा तास बसवून घेतलं, हात मिळवला आणि विचारलं, सामन्यांच्या आकडेवारीचं काम करशील का. तो आता संघाबरोबर बसमध्ये असतो, लॅपटॉप घेऊन.